निर्दोष असण्याची अट

तेव्हाच्या अहमदनगरमध्ये, न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स महाविद्यालयाच्या संज्ञापन विभागात शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने 2009 मध्ये अभ्यासक्रमाचा भाग म्हणून एक लघुपट केला. विद्यार्थ्याचं नाव नागराज मंजुळे, लघुपटाचं नाव ‘पिस्तुल्या’. चोरीवर जगणाऱ्या घरातल्या, शाळेची ओढ लागलेल्या एका पारधी पोराची ती गोष्ट. 58व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत नॉन-फीचर विभागात दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटाचा पुरस्कार त्याला मिळाला. पुढे ‘फँड्री’ आला, ‘सैराट’ आला, आणि या छोट्या कामाकडे एका मोठ्या दिग्दर्शकाची सुरुवात एवढ्याच नजरेने पाहिलं जाऊ लागलं. तेही एक वेळ चालेल. पण या लघुपटावर एक आक्षेप घेतला जातो, तो मी गेली काही वर्षं चर्चासत्रांत आणि चहाच्या टेबलांवर ऐकत आलो आहे, आणि आता त्याला सविस्तर उत्तर द्यायची वेळ आली आहे असं मला वाटतं.

आक्षेप असा. ज्या समाजाच्या कपाळावर इंग्रज सरकारने चोर म्हणून शिक्का मारला, त्याच समाजातलं पोर पडद्यावर चोरीच्या वाटेला लागलेलं दाखवलं, तर प्रेक्षकाच्या मनातला शिक्का पुसला जाईल की गडद होईल? त्यापेक्षा पारधी कुटुंब प्रामाणिक दाखवावं, गावाने त्यांच्यावर खोटा आळ घ्यावा, शेवटी चोर गावातलाच निघावा आणि गावाची मान खाली जावी. अशी गोष्ट सांगितली असती तर समाजाचं काही भलं झालं असतं. हे म्हणणारी माणसं तळमळीची आहेत. त्यांतल्या काहींनी पालावरच्या मुलांसाठी आयुष्यातली उमेदीची वर्षं घालवली आहेत. म्हणूनच त्यांचं म्हणणं बाजूला सारून पुढे जाता येत नाही. मला ते मुळापासून चुकीचं वाटतं. इतकंच नाही, ज्यांच्यासाठी ते बोललं जातं त्यांनाच ते महागात पडतं असं माझं ठाम मत आहे.

आक्षेप घेणाऱ्यांच्या मनात जो आदर्श आहे तो जगभर गाजलेला आहे. ॲडम डेव्हिडसनचा ‘द लंच डेट’. हाही विद्यार्थ्याचाच लघुपट, कोलंबिया विद्यापीठातल्या. 1989 चा, कृष्णधवल, दहा-बारा मिनिटांचा. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात एका सुखवस्तू, वयस्कर गोऱ्या बाईचा एका काळ्या माणसाला धक्का लागतो, हातातल्या वस्तू सांडतात, पैशांचं पाकीट सापडत नाही आणि गाडीही चुकते. ती स्थानकातल्या उपाहारगृहात सॅलड विकत घेते, टेबलावर ठेवते, काटा आणायला उठते. परत येऊन पाहते तर एक गरीब दिसणारा काळा माणूस तिच्या जागी बसून तिचं सॅलड खातो आहे. ती रागावते, समोर बसते आणि त्याच ताटलीत काटा घालून खाऊ लागते. तो माणूस काही बोलत नाही, उलट उठून दोन कप कॉफी आणतो आणि एक तिच्यापुढे ठेवतो. ती निघते, पिशव्या विसरल्याचं आठवून धावत परत येते, तो माणूस नाही, पिशव्याही नाहीत. आणि मग तिला दिसतं की शेजारच्या टेबलाशी तिच्या पिशव्या जशाच्या तशा आहेत आणि तिचं सॅलडही तसंच पडून आहे. तिने ज्याच्या ताटातलं खाल्लं ते त्याचं होतं. या लघुपटाला 1990 मध्ये कान महोत्सवात लघुपटाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, 1991 मध्ये ऑस्कर मिळालं, आणि 2013 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याची भर पडली. हे सगळं त्याला साजेसंच आहे. चित्रपट शिकवणाऱ्याने तो वर्गात दाखवलाच पाहिजे, कारण कॅमेरा आपल्याला त्या बाईच्या बाजूने कसं उभं करतो आणि मग आपल्या पायाखालची जमीन कशी काढून घेतो हे त्यात फार स्वच्छ दिसतं.

त्याच्या यशाने एक साचा तयार झाला. मोबाईलवर फिरणारे, महाविद्यालयीन स्पर्धांतून येणारे, संस्थांच्या जनजागृतीसाठी बनणारे कितीतरी मराठी लघुपट याच साच्यातले असतात. बसमध्ये शेजारी बसलेला मळकट माणूस, गाडीच्या काचेवर टकटक करणारा तृतीयपंथी, सोसायटीच्या फाटकाशी घुटमळणारा मुस्लिम तरुण. आधी संशय, मग उलगडा, मग खजील झालेला चेहरा आणि पडद्यावर एखादं सुविचारासारखं वाक्य. मळकट माणसाने आपलं हरवलेलं पाकीट परत करायला पाठलाग केलेला असतो. तरुण रक्त द्यायला आलेला असतो. प्रेक्षकाचे डोळे पाणावतात, तो लघुपट पुढच्या चार जणांना पाठवतो.

माझा मुद्दा इथून सुरू होतो. या साच्यातल्या प्रत्येक गोष्टीत अनोळखी माणूस निर्दोष निघावाच लागतो. तो निर्दोष आहे म्हणून बाईला लाज वाटते. समजा, ते सॅलड खरोखरच तिचं असतं? समजा, भुकेने कळवळलेल्या त्या माणसाने खरोखरच तिच्या ताटाला हात घातला असता? मग ती बाई बरोबर ठरली असती आणि तिच्या मनात जे जे आलं ते सगळं आपोआप न्याय्य ठरलं असतं. म्हणजे या गोष्टींनी आपला पूर्वग्रह हलवलेलाच नाही. त्यांनी फक्त त्याची एक चूक दाखवली. ‘तू चुकीच्या माणसावर संशय घेतलास’ एवढं त्या सांगतात. योग्य माणसावर संशय घेतला असता तर काय करायला मोकळे आहोत, याबद्दल त्या गप्प राहतात. आणि अनोळखी माणसाच्या डोक्यावर त्या एक अट ठेवतात: तुला माणसासारखं वागवून घ्यायचं असेल तर आधी तुझी पाटी कोरी असल्याचं दाखव. गावातल्या माणसाला ही अट नसते. पाटलाच्या मुलाने आंबे चोरले तर तो आंबे चोरणारा पोर असतो; त्याच्या सात पिढ्यांचा हिशेब कोणी मांडत नाही.

‘पिस्तुल्या’ ही अट मानत नाही. त्या घरात चोरी आहे, आणि ते सांगताना लघुपट कुठेही आवाज खाली आणत नाही. तरीही त्या पोराला शाळा हवी आहे. आपण चोराच्या पोराकडे पाहत आहोत हे प्रेक्षकाला माहीत असतं, म्हणजे त्याचा पहिला अंदाज खरा ठरलेला असतो, आणि तरी त्याच्या हातात काहीच लागत नाही, कारण अंदाज खरा ठरूनही त्या मुलाबद्दल आपल्याला काही कळलेलं नसतं. मंजुळ्यांनी तेव्हा हे विचारपूर्वक केलं की उपजत, ते मला माहीत असण्याची गरज नाही. कृती समोर आहे. आणि मराठीत हे धैर्य त्यांच्याआधी दाखवलं गेलं होतं. लक्ष्मण गायकवाडांनी ‘उचल्या’त आपल्या घरादारातल्या चोरीबद्दल लिहिलं ते 1987 मध्ये. पोलिसांचा मार, उपासमार आणि खिसे कापण्याचं शिक्षण, तिन्ही एकाच सरळ आवाजात. त्यांनीही समाजाला निर्मळ दाखवायचं ठरवलं असतं तर त्या पुस्तकाला पुढच्या वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला असता का, हा प्रश्न गौण आहे. महत्त्वाचं हे की मग त्या पुस्तकातून आपल्याला काहीच कळलं नसतं.

या अटीची किंमत कोणी मोजली ते सांगतो. 1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे अशा अफवा तेव्हा व्हॉट्सॲपवरून गावोगाव पोहोचल्या होत्या. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, पिढ्यान्‌पिढ्या भिक्षेवर फिरणारे, बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले, तिथे आले. त्यांच्यातला कोणी एका लहान मुलीशी बोलताना दिसला म्हणे. जमावाने त्यांना पकडलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि ठार मारलं. त्यानंतर राज्यभर हळहळ झाली, विधिमंडळात आणि अग्रलेखांत बोललं गेलं, व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. त्या हळहळीत जवळपास प्रत्येकाने सांगितलं की ते पाचही जण निरपराध होते, मुलं पळवणारे नव्हते. खरंच होतं ते. पण ते वाक्य जितक्या वेळा मी वाचलं तितका मी अस्वस्थ होत गेलो. त्यांच्यातला एखादा खरोखरच गुन्हेगार असता, तर? ग्रामपंचायतीच्या खोलीत त्याला ठेचून मारणं कमी भयंकर झालं असतं? आपण शोक करताना नकळत जमावाच्याच कायद्याने खटला चालवत होतो आणि आरोपींना मरणोत्तर निर्दोष सोडत होतो.

त्याच दिवशी, 1 जुलैलाच, मालेगावात असाच जमाव जमला. भिक्षा मागत आलेलं एक कुटुंब, त्यात एक दोन वर्षांचं मूल. तिथल्याच एका रहिवाशाने त्यांना आपल्या घरात घेतलं, पोलीस आले, जमावाने पोलिसांची गाडीही सोडली नाही, पण माणसं वाचली. मला त्या घराच्या मालकाचा विचार अनेकदा करावासा वाटतो. त्याच्यापाशी कसला पुरावा होता? ते लोक कोण, कुठले, खरोखर मुलं पळवतात की नाही, हे त्याला दार उघडताना ठाऊक असण्याची काही सोय नव्हती. त्याने त्यांना निर्दोष ठरवलं नाही. ठरवणं आपलं काम नाही एवढंच त्याने ओळखलं असावं. या माणसावर लघुपट व्हायला हवा होता. झालाच तर त्यात ते कुटुंब कसं साधंभोळं आहे हे दाखवण्यात निम्मी मिनिटं जातील अशी भीती मला वाटते.

इथे कोणी मला थांबवून म्हणेल, आणि मी ज्यांचा मान राखतो अशा लोकांनी म्हटलंही आहे, की तुम्ही शहरात बसून लिहिता. वस्तीवर, ऊसाच्या रानात, एकट्या घरात रात्र काढणाऱ्या बाईला हे सांगा. हा आक्षेप पहिल्यापेक्षा कितीतरी दमदार आहे. नगर जिल्ह्याला भीतीचं कारण नाही असं कोण म्हणेल? पाथर्डी तालुक्यातल्या कोठेवाडीत 2001 च्या जानेवारीत दरोडेखोरांनी रात्री वस्ती लुटली, बायकांवर अत्याचार केले. ज्यांच्या स्मरणात ती रात्र आहे त्यांनी अनोळखी पावलांचा आवाज ऐकून कडी लावली तर त्यांना पूर्वग्रहाचं व्याख्यान देण्याचा अधिकार मला नाही. आणि मी देतही नाही. कडी लावणं आणि माणूस मारणं या दोन टोकांच्या मधल्या प्रदेशात आपलं सगळं सामाजिक आयुष्य घडतं; प्रश्न त्या प्रदेशाचा आहे.

शिवाय अंदाज करू नका असं सांगणं निष्फळ आहे, हे आता प्रयोगांनी दाखवलं आहे. प्रिन्स्टन विद्यापीठात जनीन विलिस आणि अलेक्झांडर तोदोरोव यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेलं काम फार बोलकं आहे. लोकांना अनोळखी चेहरे सेकंदाचा दहावा भाग इतकाच वेळ दाखवले आणि विचारलं: हा माणूस विश्वासू वाटतो का? कर्तबगार वाटतो का? आक्रमक? तेवढ्या वेळात दिलेली उत्तरं आणि हवा तितका वेळ घेऊन दिलेली उत्तरं बरीचशी जुळली. वेळ वाढवल्यावर मत फारसं बदललं नाही, वाढला तो स्वतःच्या मताबद्दलचा विश्वास. या निष्कर्षाकडे नीट पाहावं. आपल्याला सांगण्यात येतं की घाई करू नका, थांबा, नीट पाहा, मग ठरवा. पण नुसतं जास्त वेळ पाहत राहिल्याने माणूस जास्त कळत नाही. पहिलाच ग्रह पक्का होतो. राईनपाड्याच्या जमावाकडे वेळ नव्हता असं नाही. त्या पाचांना कोंडून ठेवलं होतं. विचार करायला तेवढा अवधी पुरेसा होता.

मग लघुपटांनी शिकवलेला धडा, ‘दिसतं तसं नसतं’, तो कशाला पुरणार? आतापर्यंत मी घाईच्या अंदाजाविरुद्ध बोलतो आहे असं वाचकाला वाटलं असेल, आणि लेखाचा पहिला अर्धा भाग तसा वाचताही येईल. पण घाई हा खरा आरोपी नाही असं मला आता स्पष्टपणे म्हणायचं आहे. पापणी लवायच्या आत मनात जे उमटतं त्याला कोणी जबाबदार धरू नये. सावकाश, कागदावर, शाईने, सरकारी शिक्क्यासह जे केलं जातं ते जास्त भयंकर असतं. त्यासाठी मला गेओर्ग झिमेलकडे जावं लागेल, आणि तिथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण या विषयावर त्याच्याइतकं खोल कोणी गेलेलं मी वाचलेलं नाही.

झिमेल बर्लिनचा तत्त्वज्ञ, समाजशास्त्राच्या पहिल्या फळीतला. 1908 च्या त्याच्या जाडजूड ग्रंथात ‘परका’ या विषयावर काही पानांची एक टीप आहे. मूळ ग्रंथ आज अभ्यासकच उघडतात, ती टीप मात्र अजून वाचली जाते. त्याने सुरुवातच एक भेद करून केली आहे. आज येऊन उद्या निघून जाणारा वाटसरू त्याच्या विषयात बसत नाही. आज येतो आणि उद्याही राहतो तो परका. तो आपल्यात असतो, पण सुरुवातीपासूनचा नसतो. जवळही असतो आणि दूरही. झिमेलच्या डोळ्यांपुढे व्यापारी आहे, कारण जमीन आधीच वाटली गेलेल्या समाजात बाहेरून येणाऱ्याला व्यापाराखेरीज दुसरी जागा उरत नाही. अशा माणसाकडे लोक मन मोकळं करतात, कारण गावातल्या भाऊबंदकीत त्याचा हात नसतो. हे सगळं सुंदर आहे, पण मला खिळवून ठेवतं ते शेवटाकडचं एक उदाहरण. मध्ययुगात फ्रँकफुर्ट आणि इतर काही शहरांत ख्रिस्ती नागरिकाचा कर त्याच्या संपत्तीनुसार बदलायचा, वाढायचा, कमी व्हायचा. ज्यूचा कर मात्र एकदा ठरला की ठरला. कारण ख्रिस्ती माणूस हा कोणीतरी विशिष्ट माणूस होता, कमी-जास्त मालमत्तेचा धनी. ज्यू हा आधी ज्यू होता आणि त्याचं जे काही व्हायचं ते त्यानेच ठरायचं. झिमेल म्हणतो त्याचा मथितार्थ असा की परक्याच्या बाबतीत आपण व्यक्ती पाहतच नाही, प्रकार पाहतो.

ही टीप लिहिणाऱ्या माणसाचं पुढे काय झालं? झिमेल जन्माने ज्यू कुळातला, बाप्तिस्मा झालेला. 1908 मध्येच हायडेलबर्ग विद्यापीठातल्या अध्यासनासाठी त्याचं नाव पुढे आलं. बर्लिनचा इतिहासकार डीट्रिश शेफर याने सरकारला अभिप्राय कळवला, त्यात त्याने झिमेलच्या दिसण्यावर, वागण्यावर आणि विचार करण्याच्या पद्धतीवर पूर्ण ज्यूपणाचा शिक्का मारला. अध्यासन मिळालं नाही. पूर्ण प्राध्यापकपद मिळायला 1914 उजाडलं, तेही दूर स्ट्रासबुर्गला, आणि चारच वर्षांत तो वारला. परक्याचा कर ठरलेला असतो हे ज्याने लिहिलं त्याच्याकडून तो त्याच वर्षी वसूल झाला.

आता हे आपल्या मातीत आणून पाहू. 1871 मध्ये ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. तो आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला, 1911 च्या कायद्याने मुंबई इलाख्यासह सगळीकडे पसरला. त्यामागचा तर्क असा की या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर, तेव्हा चोराचा मुलगाही चोरच. नोंद जमातीची व्हायची. बोटांचे ठसे, ठरलेल्या ठिकाणी हजेरी, गाव सोडायचं तर दाखला, आणि अनेकांच्या वाट्याला सोलापूरसारख्या तारेच्या कुंपणातल्या वसाहती. मुलांना आईबापांपासून तोडून सुधारशाळेत ठेवण्याचीही तरतूद होती. पिस्तुल्याला हवीशी वाटणारी शाळा त्याच्या पणज्यापर्यंत पोहोचली असेल तर अशा रूपात.

झिमेलचं चित्र इथे अपुरं पडतं, आणि ते अपुरेपण शिकवणारं आहे. आज येऊन उद्या जाणारा भटका त्याने बाजूला ठेवला, कारण जो जातो त्याच्याशी समाजाचं नातं तयारच होत नाही असं त्याला वाटलं. आपल्याकडे त्या जाणाऱ्यालाच कायद्याने पकडून बसवलं. शिकारीवर, जडीबुटीवर, गाढवावरच्या मालवाहतुकीवर, खेळ करून जगणारी माणसं गावाला ठाऊक होती; त्यांच्या येण्याचे दिवस ठरलेले असत, त्यांचा वाटा ठरलेला असे. कायद्याने त्यांचं फिरणं हाच गुन्ह्याचा पुरावा ठरवला, त्यांना एका जागी खिळवलं आणि खिळवूनही परकंच ठेवलं. कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला. पण मुंबई राज्यात 1959 मध्ये सराईत गुन्हेगारांचा कायदा आला, आणि त्याच्या मजकुरात माणूस एकेकटा असला तरी पोलीस ठाण्यातल्या जुन्या याद्या जमातींच्याच होत्या. गावात घरफोडी झाली की पहिली गाडी पालावर जाते, हे या विमुक्त जमातींच्या आत्मकथनांत पानोपानी आहे. लक्षात घ्यावं, यात कुठेही घाई नाही. त्या फौजदाराने चेहरा पाहून अंदाज केलेला नसतो. अंदाज त्याच्या जन्माआधी कोणीतरी करून ठेवलेला असतो, तो फक्त अंमलबजावणी करतो.

परक्याच्या संदर्भात माझ्या नगर जिल्ह्याबद्दल बोलताना तीन ठिकाणं टाळता येत नाहीत. एक शनिशिंगणापूर. घरांना दारं नसलेलं, कुलपं नसलेलं गाव म्हणून त्याचं जगभर कौतुक झालं. 2011 मध्ये तिथे कुलपाशिवाय बँकेची शाखा उघडली त्याचीही बातमी झाली. अनेकांनी हे गाव परक्यावरच्या विश्वासाचं उदाहरण म्हणून दिलं आहे. मला ते पटत नाही. तिथला विश्वास येणाऱ्या माणसावर नाही, त्याला शासन करणाऱ्या शनिदेवावर आहे. चोरी करेल त्याला साडेसाती भोगावी लागेल, म्हणून दार नको. श्रद्धेचा मी आदर करतो, पण अनोळखी माणसाशी कसं वागावं या प्रश्नाचं उत्तर तिथे सापडत नाही. आणि 2025 मध्ये देवस्थानाच्या नावाने बनावट ॲप काढून भक्तांचे पैसे लाटल्याचं प्रकरण बाहेर आलं, गुन्हा दाखल झाला, तेव्हा संशयाची चर्चा वाटसरूंबद्दल नव्हती, कारभाराच्या आतल्या वर्तुळाबद्दल होती.

दुसरं ठिकाण शिर्डी, आणि तिथली गोष्ट मला खरोखर प्रिय आहे. परंपरा सांगते की धूपखेड्याच्या चांद पाटलाच्या वऱ्हाडाबरोबर एक तरुण फकीर आला तेव्हा खंडोबाच्या देवळाचे पुजारी म्हाळसापती यांनी त्याला साई म्हणून हाक देऊन स्वागत केलं. आणि हेही सांगितलं जातं की त्या फकिराने खंडोबाच्या देवळात मुक्कामाची इच्छा दाखवली तेव्हा त्याच म्हाळसापतींनी त्याला मुसलमान समजून नकार दिला आणि मशिदीकडे वाट दाखवली. दोन्ही निर्णय एका नजरेतले, दोन्ही कपड्यांवरून. एक सन्मानाचा, एक दार लावणारा. भक्त पहिला भाग आळवून सांगतात. मला पुढचा भाग मोठा वाटतो. तेच म्हाळसापती पुढे वर्षानुवर्षं त्या मशिदीत साईबाबांच्या सोबतीला रात्री झोपायला जात. बाबा हिंदू की मुसलमान याचा निकाल तोपर्यंत लागला होता का? तो आजही लागलेला नाही. निकाल लागायची वाट न पाहता म्हाळसापतींनी अंथरूण उचललं आणि गेले.

तिसरं ठिकाण पाथर्डी तालुक्यातलं मढी. तिथे कानिफनाथांची यात्रा भरते, होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत. तिला भटक्यांची पंढरी म्हणतात. गोपाळ, कैकाडी, वैदू, कोल्हाटी, बेलदार, डवरी गोसावी, राज्यभरातून आणि बाहेरून बिऱ्हाडं येतात, गाढवांचा मोठा बाजार भरतो, एके काळी जातपंचायतींचे निवाडे तिथे होत. ज्यांना वर्षभर प्रत्येक गाव वेशीवरून न्याहाळतं त्यांना जिथे कोणी परकं म्हणत नाही अशी ही जागा. आणि याच मढीच्या ग्रामसभेत 2025 च्या फेब्रुवारीत ठराव झाला की यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकानं लावू देऊ नयेत. यात्रेच्या परंपरा पाळल्या जात नाहीत, गैरधंदे होतात, अशी कारणं पुढे आली. गटविकास अधिकाऱ्यांनी ठरावाला स्थगिती दिली, त्यावर बाजूने आणि विरुद्ध बरीच वादावादी झाली. विरोध करणाऱ्यांचं मुख्य उत्तर काय होतं? हे व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या येत आहेत, प्रामाणिक आहेत, नाथांना मानतात. म्हणजे पुन्हा निर्दोष असल्याचा दाखला. मी त्या ठरावाच्या विरोधात आहे आणि तरी हे उत्तर मला नको आहे. त्या व्यापाऱ्यांत एखादा लबाड असेलच. हिंदू व्यापाऱ्यांतही असेल. झिमेलच्या फ्रँकफुर्टमधला ठरलेला कर तो हाच: एकाचं वजन कमी भरलं तर तो एक लबाड, दुसऱ्याचं भरलं तर त्याची अख्खी जमात. ठराव घाईत झाला नव्हता. तो ग्रामसभेत झाला आणि कागदावर उतरला.

ज्यांनी ‘पिस्तुल्या’वर आक्षेप घेतला ते मढीच्या ठरावाच्या विरोधात उभे राहिलेले मी पाहिले आहेत, आणि त्यासाठी मला त्यांचा अभिमान आहे. म्हणूनच त्यांच्याशी हा वाद घालतो आहे. चांगला पारधी, चांगला मुसलमान, चांगला फकीर दाखवून तुम्ही जी बाजू लढवता ती पहिल्या वाईट पारध्याबरोबर कोसळते, आणि वाईट पारधी कधी ना कधी सापडणारच, कारण तीही माणसंच आहेत. त्यानंतर पालावरच्या बाकीच्या शंभर जणांच्या बाजूने बोलायला तुमच्यापाशी काय उरतं? मंजुळ्यांच्या लघुपटातल्या पोराकडे तसा दाखला नव्हता, आणि त्याच्या शाळेच्या हक्कावर त्याचा काडीचाही परिणाम होत नव्हता. शिक्षण हक्काचा कायदाही 2009 चाच. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला तो शाळा देतो, आणि मुलाच्या घरात चोरी होते की भजन, ते त्यात कुठेही विचारलेलं नाही.

मढीची पुढची यात्रा होळीला सुरू होईल. त्याआधी पुन्हा ग्रामसभा भरेल आणि दुकानांचा विषय निघाल्याशिवाय राहणार नाही. तेव्हा मांडण्यासारखं एक साधं काम आहे. यात्रेच्या पहिल्या दिवशी दुकानांच्या रांगेतून फिरून प्रत्येकाचा वजनकाटा तपासा, भावाची पाटी लावायला सांगा, जागेचं भाडं सगळ्यांना सारखं ठेवा, तक्रार आली तर ज्याच्याबद्दल आली त्याला बोलवा. ज्याचा काटा खोटा निघेल त्याचं दुकान उठवा, मग त्याचं नाव काहीही असो. आणि त्याचा सख्खा भाऊ शेजारच्या दुकानात बसला असेल, तर त्याच्या काट्यावर वजनं ठेवून तो वेगळा तपासा.